जुन्या घेता का?

या प्रवासाला निघताना खिशात पैसे ठेवू नका. आजची पाचशेची नोट तिकडे कुणी घेणार नाही आणि तिकडची इकडे चालणार नाही. मुक्काम एकच, यवतमाळ जिल्हा; सालं मात्र बदलत जातील, आणि प्रत्येक सालात तुम्ही कुणी वेगळेच असाल.

12 जानेवारी 1946, शनिवार. गावाचं नाव येवतमाळ, प्रांत मध्य प्रांत व वऱ्हाड. मूर्तिजापूरकडून येणारी छोटी गाडी, जिला पुढे सगळे ‘शकुंतला’ म्हणतील, अजून इंग्रज कंपनीची आहे. तुम्ही जिनिंगच्या पेढीवर मुनीम आहात. हंगाम भरात असल्याने अंगरख्याला कापसाचे तंतू चिकटलेले. आजच सरकारने वटहुकूम काढलाय: पाचशे, हजार आणि दहा हजारांच्या नोटा रद्द. बातमी पेढीवर पोचते तेव्हा शेठजी दार लावून घ्यायला सांगतात.

युद्धात कापड, रॉकेल, धान्य सगळ्यांवर कंट्रोल होता आणि कंट्रोलच्या मागच्या दाराने ज्यांनी कमावलं त्यांची कमाई बाहेर काढायची, हा सरकारचा हेतू. नोट बदलून घ्यायची तर लेखी खुलासा द्यायचा: कुठून आली, कधी आली, इतके दिवस जवळ का ठेवली. तुमचं अक्षर चांगलं, म्हणून खुलासे तुम्हीच लिहिता. एक शेठजींच्या नावाने, दोन भाच्यांच्या, एक विधवा आत्याबाईंच्या, ज्यांनी हजाराची नोट जन्मात पाहिलेली नाही. आत्याबाई अंगठा उठवतात आणि शाई पुसायला फडकं मागतात.

असे खुलासे देशभर लिहिले गेले असणार, कारण 1947 अखेरपर्यंतचा हिशेब असा: बाजारात असलेल्या 143.97 कोटींच्या मोठ्या नोटांपैकी 134.9 कोटींच्या परत आल्या. बुडाले नऊ कोटी. रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरपदी तेव्हा चिंतामणराव देशमुख होते, आयसीएस म्हणून याच मध्य प्रांत-वऱ्हाडच्या सेवेत घडलेले. वऱ्हाडातला व्यापारी कागद कसा रंगवतो हे त्यांना कुणी शिकवायची गरज नसावी.

पुढचा थांबा छोटा आहे. 16 जानेवारी 1978, सोमवार, दारव्हा. तुम्ही तहसीलीत कारकून आहात आणि राज्यभरच्या सरकारी कर्मचाऱ्यांबरोबर डिसेंबरच्या मध्यापासून संपावर आहात. हा संप 54 दिवस चालणार आहे, हे तुम्हाला अजून माहीत नाही. परवाच्या संक्रांतीला तिळगूळ उधारीच्या गुळाचा झाला. रेडिओ सांगतो, मोरारजी देसाईंच्या सरकारने हजार, पाच हजार आणि दहा हजारांच्या नोटा रद्द केल्या. बायको विचारते, “दहा हजाराची नोट असते?” तुम्हालाही नक्की ठाऊक नसतं. गावात कुणाची झोप उडत नाही. तेव्हाचे गव्हर्नर आय. जी. पटेल यांनी असल्या उपायातून फारसं काही हाती लागत नाही, असं सरकारला आधीच सांगून पाहिलं होतं. काळा पैसा कुणी नोटांच्या रूपात सुटकेसमध्ये भरून ठेवत नाही, असं त्यांचं मत. जाता जाता एक नोंदवून ठेवतो: या महिनाभरात दारव्ह्याच्या तहसीलीत चिरीमिरी शून्यावर आलेली आहे. नोटा बदलून नव्हे. खिडकीच बंद आहे म्हणून.

आता जरा जास्त थांबायचंय. 9 नोव्हेंबर 2016, आर्णी तालुका. दोन वर्षांपूर्वी याच तालुक्यातल्या दाभडीत नरेंद्र मोदींनी ‘चाय पे चर्चा’ केली होती. काल रात्री आठ वाजता तेच टीव्हीवर आले आणि मध्यरात्रीपासून पाचशे-हजाराच्या नोटा बाद झाल्या. म्हणजे चलनाच्या एकूण किमतीतला सुमारे 86 टक्के भाग. 1978 ची गोष्ट श्रीमंतांची होती. ही तुमची आहे, कारण पाचशेची नोट तुमच्या घरच्या डब्यातही आहे.

तुम्ही कास्तकार आहात. पहिल्या वेच्याचा कापूस पुढच्या खोलीत छताला टेकलाय. हमीभाव 4160, बाजार पाच हजारांच्या आसपास. बाजार समितीत शुकशुकाट, पण खेडा खरेदीवाला मेटॅडोर घेऊन दारात हजर. काटा उतरवायच्या आधीच तो विचारतो, “भाऊ, जुन्या घेता का? घेत असान तं क्विंटलमांगं दोनशे वरून देतो. चेक पायजे असन तं थांबा लागन, अन् भाव बी खालचा.”

इथे घाई करू नका, कारण सगळी गोम या एका प्रश्नात आहे. त्याच्याकडच्या नोटा बिनहिशेबी आहेत. त्या त्याने बँकेत भरल्या तर आयकर खातं विचारणार. तुम्ही भरल्या तर कोण विचारणार? 1961 च्या आयकर कायद्यात शेतीच्या उत्पन्नावर कर नाही, अडीच लाखांपर्यंतच्या भरण्याची चौकशी होणार नाही असं सरकारनेच जाहीर केलंय, आणि नोव्हेंबरात यवतमाळच्या शेतकऱ्याकडे कापसाचा पैसा असणं ही जगातली सर्वांत स्वाभाविक गोष्ट. तुमचा सातबारा त्याच्या पैशाला अंघोळ घालतो. त्याची दक्षिणा क्विंटलमागे दोनशे.

तुम्ही घेता. मीही घेतल्या असत्या. वेचाईवाल्या बायांची मजुरी थकलीय, हरभरा पेरायचाय.

मग बँकेत जाता आणि कळतं की पैसा आत जायला सोपा, बाहेर यायला अवघड. गावाला जवळची म्हणजे जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेची शाखा. सोसायटीचं कर्ज, चुकारे, सगळं तिथंच. 14 नोव्हेंबरला रिझर्व्ह बँक आदेश काढते की जिल्हा बँकांनी जुन्या नोटा घ्यायच्या नाहीत, बदलूनही द्यायच्या नाहीत. कारण संशय: पुढाऱ्यांच्या बँका, इथे काळ्याचं पांढरं होईल. संशय निराधार होता असं मी म्हणणार नाही. पण ज्या पुढाऱ्याबद्दल संशय, त्याची खाती चार बँकांत, तुमचं एकाच. पहिल्या चार दिवसांत महाराष्ट्रातल्या जिल्हा बँकांनी घेतलेल्या सुमारे पावणेतीन हजार कोटींच्या जुन्या नोटा तिजोऱ्यांत तशाच पडून राहतात. त्या जमा करून घ्यायची परवानगी येते थेट जून 2017 मध्ये.

राष्ट्रीयीकृत बँक तालुक्याला. रांग रस्त्यापर्यंत. आठवड्याला 24 हजारांवर काढता येत नाहीत, आणि शाखेत रोकडच नसेल तर तेवढेही नाहीत. 21 तारखेला सवलत येते: जुन्या पाचशेच्या नोटेने बियाणं घेता येईल, फक्त सरकारी केंद्रांतून. तुमचं कृषी केंद्र खासगी. दुकानदार उधारी लिहितो, व्याज धरून.

बायांना मजुरी द्यायला सुट्टे नाहीत, म्हणून पाच जणींत मिळून एक जुनी नोट. ती बदलायला एकीला दिवस मोडावा लागतो आणि त्या दिवसाची वेचाई बुडते. परतल्यावर बोटाला शाई. मतदान केल्यासारखी, एक जण हसत म्हणते.

रांगेत अनिल बोकीलांचं नावही ऐकू येतं. त्यांच्या अर्थक्रांतीच्या मांडणीत मोठ्या नोटा तर जायच्याच होत्या, पण त्याबरोबर बहुतेक सगळे कर रद्द होऊन बँक व्यवहारावर एकच कर यायचा होता, आणि पन्नासच्या वरची नोटच राहायची नव्हती. इथे तर हजार जाऊन दोन हजार आली. युरोपीय मध्यवर्ती बँकेनेही त्याच वर्षी 500 युरोची नोट काढणं थांबवायचं ठरवलं. पण आधी काढलेली नोट आजही चालते, आणि कुणी रांगेत उभं राहिलं नाही.

नव्या नोटा येऊन आठवडा होत नाही तोच गुजरातेत कांडला बंदराचे अधिकारी नव्या दोन हजारांची लाच घेताना पकडले जातात. तुम्हाला यात नवल वाटत नाही. फेरफाराची नोंद घ्यायला जे दोन-तीन हजार लागतात, ते शंभराच्या नोटांतही सहज मावतात. लाचलुचपत प्रतिबंधक विभाग सापळा लावतो तेव्हा पंचनाम्यात नोटांचे क्रमांक लिहितो, त्यांना फिनॉल्फथॅलिनची पूड लावतो आणि घेणाऱ्याची बोटं सोड्याच्या पाण्यात बुडवून गुलाबी होतात का बघतो. नोट कितीची यावर काहीच अवलंबून नसतं. फाइल कुणाच्या टेबलावर अडलीय, यावर असतं.

डिसेंबर उजाडतो. जनधन खात्यांतली रक्कम तीन आठवड्यांत सुमारे 45 हजार कोटींवरून 74 हजार कोटींवर गेलीय. मुरादाबादच्या सभेत पंतप्रधान सांगतात, ज्यांनी गरिबांच्या खात्यात पैसे टाकलेत त्यांना ते परत देऊ नका. तुम्हाला खेडा खरेदीवाल्याचा चेहरा आठवतो. त्याने मात्र बदल्यात कापूस नेलाय.

ऑगस्ट 2018 मध्ये रिझर्व्ह बँकेचा हिशेब येतो: 15.41 लाख कोटींपैकी 15.31 लाख कोटी परत आले. 99.3 टक्के. सरकारची बाजू अशी की नोट खात्यात आली म्हणजे तिला नाव चिकटलं. जवळपास 18 लाख लोकांच्या भरण्यांची छाननी झाली, विवरणपत्रं भरणारे वाढले. हे खरं आहे. पण त्यातली बरीच नावं तुमच्यासारख्यांची होती. आणि 8 नोव्हेंबरच्याच संध्याकाळी रिझर्व्ह बँकेच्या संचालक मंडळाच्या इतिवृत्तात नोंद होती की बहुतांश काळा पैसा रोखीत नसून सोनं आणि स्थावरात आहे. ते इतिवृत्त लोकांपुढे आलं 2019 मध्ये, माहितीच्या अधिकारातून.

स्थावर म्हणजे काय, ते शेवटच्या थांब्यावर दिसेल. जून 2023, यवतमाळ बायपासजवळचा लेआउट. कापसाने पोराचं शिक्षण होत नाही म्हणून तुम्ही रस्त्यालगतचा तुकडा विकताय. मे महिन्यातच रिझर्व्ह बँकेने दोन हजाराची नोटही परत बोलावलीय. या वेळी रद्द न करता, शांतपणे, मुदत देऊन. देशातलं चलन 2016 च्या जवळपास दुप्पट, 33 लाख कोटींच्या वर गेलंय. याच वर्षी जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी नोटबंदी वैध ठरवलीय. वेगळं मत न्यायमूर्ती नागरत्ना यांचं.

दलाल प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून आकडे मांडतो. रेडी रेकनरचा भाव जेवढा, तेवढीच रक्कम खरेदीखतात आणि चेकने. बाकीची वरून. तुम्ही विचारता, वरून म्हणजे कशात?

“पाचशेतच देऊ, भाऊ,” तो म्हणतो. “दोन हजारवाल्या बी हायेत पार्टीजवळ. त्या घेत असान तं भाव थोडा वाढवून भेटन.”