एकसर माळ : दिव्यांच्या तोरणाचा व त्याच्या दुरुस्तीचा इतिहास

खालापूर तालुक्यातील लोधिवली हे गाव जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर, पाताळगंगेच्या खोऱ्यात वसलेले आहे. ह्याच तालुक्यात खोपोली येथे टाटांचे जलविद्युत्-केंद्र फेब्रुवारी १९१५ मध्ये सुरू झाले. घाटमाथ्यावरील लोणावळा, वळवण व शिरवटा ह्या जलाशयांचे पाणी नळांवाटे सुमारे ५०० मीटर खाली आणून त्यावर जनित्रे फिरवावयाची व वापरलेले पाणी पाताळगंगेत सोडावयाचे, अशी ती योजना होती. १९२२ मध्ये कर्जत तालुक्यात भिवपुरी येथे दुसरे केंद्र उभे राहिले. ह्या केंद्रांची वीज मुख्यतः मुंबईच्या गिरण्यांसाठी होती. तत्कालीन कुलाबा जिल्ह्यातील खेड्यांच्या माथ्यावरून ती तारांतून निघून गेली. महाराष्ट्रातील खेडोपाडी घरगुती दिवा पोचण्यास पुढे कित्येक दशके लागली. दिव्याखाली अंधार ही म्हण इतक्या शब्दशः खरी ठरल्याचे उदाहरण क्वचितच सापडेल.

विजेबरोबर जी वस्तू सणासुदीला घरात शिरली ती दिव्यांची माळ. तिचा जन्म मात्र दूरचा आहे. एडिसनचा सहकारी एडवर्ड जॉन्सन ह्याने डिसेंबर १८८२ मध्ये न्यू यॉर्क येथील आपल्या घरी नाताळच्या झाडावर तांबडे, पांढरे व निळे असे ८० दिवे लावले. तयार जोडलेली माळ जनरल इलेक्ट्रिक कंपनीने १९०३ मध्ये विक्रीस आणली. महाराष्ट्रात सार्वजनिक गणेशोत्सवाची प्रथा १८९३ च्या सुमारास रूढ झाली आणि वीज येताच मंडप हे ह्या माळेचे हक्काचे स्थान झाले. मुंबईत लोहार चाळ व पुण्यात तपकीर गल्ली ह्या तिच्या पेठा. पुष्कळ ठिकाणी माळ विकत न घेता घरीच गुंफली जाई : ६ व्होल्टचे चिमुकले दिवे, वायर, आणि प्रत्येक दिव्यावर गुंडाळलेला रंगीत जिलेटीनचा कागद.

ह्या वस्तूला मराठीने दिलेली नावे पाहण्यासारखी आहेत. ‘तोरण’ व ‘माळ’ हे शब्द झेंडू व आंब्याच्या पानांकडून आले. ‘रोषणाई’ हा शब्द फारसीतून आला. (हिंदीत त्याच शब्दाला शाई असाही अर्थ आहे, मराठीने प्रकाशाचाच अर्थ ठेवला.) बाजारात मात्र ‘सिरीज’ हा शब्द रुळला. मूळ इंग्रजीत तो जोडणीचा प्रकार सांगतो. मराठीत जोडणीचे नाव वस्तूला चिकटले आणि ‘सिरीज लावली’, ‘सिरीज गेली’ असे प्रयोग होऊ लागले. स्त्रीलिंग बहुधा ‘माळे’चे. उलट, ज्याला वायरमन ‘सिरीज बोर्ड’ म्हणतो तेथे मूळ अर्थ शाबूत आहे : संशयित उपकरणाच्या ओळीत एक मोठा दिवा जोडून दोष तपासण्याची ती पाटी. शालेय पुस्तकांनी ह्याच जोडणीला ‘एकसर’ हा शब्द दिला. मोत्यांच्या सराची आठवण करून देणारा हा शब्द परिभाषेतील मोजक्या यशस्वी शब्दांपैकी होय, कारण दोष नेमका कोठे आहे हेही तो सांगतो. झेंडूच्या माळेतील एक फूल गळाले तरी बाकीची राहतात. सराचा दोरा तुटला की सारे मोती ओघळतात.

आणि दिव्यांच्या माळेत दोरा तोच, जो दिव्यात जळतो. आपल्याकडील घरगुती दाब २३० व्होल्टचा. ६ व्होल्टचे सुमारे ३८ दिवे एकामागोमाग जोडले की तो दाब त्यांत वाटला जातो व प्रत्येकाला आपल्या पचनी पडेल एवढाच मिळतो. प्रवाह सर्वांतून एकच वाहतो. म्हणून एका दिव्यातील टंगस्टनचा तंतू तुटला की ३८ ही दिवे विझतात, आणि सदतीस निर्दोष दिव्यांत एक अपराधी शोधण्याचे काम उरते. ‘दिवा उडाला’, ‘फ्यूज झाला’ हे मराठी प्रयोगही येथलेच. वास्तविक फ्यूज म्हणजे संरक्षणार्थ वितळणारी तार, पण बोलीने तिचा मृत्यू दिव्याला बहाल केला. तंतूच्या इंग्रजी नावाचेही असेच. पाताळगंगेकाठी १९८२ मध्ये रिलायन्सचा पॉलिएस्टर धाग्याचा कारखाना सुरू झाल्यापासून ‘फिलॅमेंट’ हा शब्द ह्या परिसरात कापडाच्या धाग्यालाही लागू झाला.

दोष शोधण्याची सर्वांत जुनी रीत अदलाबदलीची. चांगला असल्याची खात्री असलेला एक दिवा घेऊन तो क्रमाने एकेका जागी बसवून पाहावयाचा. एकच दिवा गेला असेल तर ही रीत अचूक आहे. दोन गेले असतील तर ती सर्वस्वी निष्फळ ठरते, कारण एक बदलताना दुसरा तुटलेलाच असतो. कित्येक माळा ‘दुरुस्त होत नाहीत’ म्हणून फेकल्या गेल्या त्यांचे कारण एवढेच. ह्यावर संथ पण खात्रीचा उपाय म्हणजे प्रत्येक दिवा काढून टॉर्चच्या ४ सेलांवर लावून पाहणे. असे केल्यास किती गेले हे गौण ठरते. मीटर हाती असेल तर प्लग काढून माळेचे दोन भाग कल्पावे, कोणत्या भागात मार्ग तुटला आहे ते पाहावे व त्याचेच पुन्हा दोन भाग करावे. ३८ दिव्यांत एकच दोष असल्यास सहा तपासण्यांत तो सापडतो.

वायरमनची आवडती रीत टेस्टरची. फेजच्या बाजूने चालू लागावे. ज्या दिव्यापाशी टेस्टरचा प्रकाश मावळतो तेथे तंतू तुटलेला. दोनपिनी प्लग उलटा करून दुसऱ्या टोकाकडून हेच केले की शेवटचा दोषही सापडतो. ही रीत चपळ आहे, परंतु तिच्या मुळाशी जे तथ्य आहे तेच भयंकर होय : विझलेली माळ निर्जीव नसते. तुटलेल्या ठिकाणापर्यंत तीत पूर्ण फेज उभी असते, आणि गेलेला दिवा काढला की त्या होल्डरच्या दोन टोकांत सहा नव्हे, २३० व्होल्ट असतात. भाद्रपदातील पावसात, ओल्या मंडपात, शिडीवर उभा राहून ‘माळ बंदच आहे’ ह्या समजुतीने होल्डरमध्ये बोट घालणाऱ्याला ‘सहा व्होल्टचा दिवा’ हे शब्द फसवितात. प्लग काढल्याखेरीज दिव्याला हात लावू नये, हा नियम येथून आला.

सुटा दिवा न मिळाल्यास गेलेल्याच्या दोन्ही तारा परस्परांना पिळून माळ चालू करण्याची युक्ती घरोघरी ठाऊक होती. माळ तत्काळ पेटते, थोडी अधिक तेजस्वीही दिसते. तेच तिचे वैगुण्य. ३७ दिव्यांच्या माळेतून एक वगळला तर उरलेल्यांवरील दाब सुमारे ३ टक्क्यांनी वाढतो. तंतूचे आयुष्य मात्र दाबाच्या अंदाजे तेराव्या घाताने घटते, त्यामुळे एवढ्याने ते जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी होते. पाच दिवे वगळले तर दाब १५-१६ टक्क्यांनी चढतो व आयुष्य मूळच्या सुमारे सातव्या हिश्श्यावर येते. पहिल्या दिवशी एक, चौथ्या दिवशी दोन आणि अनंत चतुर्दशीच्या आदल्या रात्री सारी माळ, हा क्रम दैवाधीन वाटे. तो गुणाकाराचा होता.

पुढील काळातील माळांत हीच युक्ती कारखानदारांनी दिव्याच्या पोटात घातली. तंतूच्या बुडाशी पातळ विरोधक थर चढविलेली तार गुंडाळलेली असते. तंतू तुटला की पूर्ण दाब तिच्यावर येतो, थर फुटतो व मार्ग पुन्हा जुळतो. माळ विझत नाही, म्हणून गेलेल्या दिव्याकडे कोणी पाहत नाही, आणि बाकीचे वाढत्या दाबाखाली झिजत राहतात. विझण्याने निदान तक्रार तरी होत असे.

आता मंडपांत व घरांत एलइडीच्या माळा आल्या आहेत. त्यांत तंतू नाही, उष्णता अल्प आहे, आणि दिवे बहुधा तारेलाच जोडलेले असल्याने काढून बदलण्याची सोय राहिलेली नाही. मात्र एका एलइडीला लागणारा दाब सुमारे ३ व्होल्टच असल्याने घरगुती दाबावर चालणाऱ्या माळांत त्यांचेही गट एकसरच जोडावे लागतात. त्यामुळे माळेचा एखादा तुकडाच विझलेला दिसतो, आणि ग्राहक दुकानदाराला सांगतो ते वाक्य बदललेले नाही : ‘सिरीज गेली.’