खोटा हापूस

महिन्याभरापूर्वी लेकीने दुकानातून आणलेल्या आंब्याची कोय हट्टाने ठेवून घेतली. वरचं टणक कवच कात्रीने कापून आतली बी काढली, ओल्या कागदात गुंडाळली आणि फ्रीजवर उबेला ठेवून दिली. दोन आठवड्यांत मोड! आता इथे न्यू जर्सीत आमच्या खिडकीतल्या कुंडीत चार तांबूस पानं डुलताहेत. परवा तिने विचारलं, "बाबा, हा कुठला आंबा?"

आंब्यावरचा स्टिकर मी जपून ठेवला होता. त्यावर आकडा होता, ४०५१. म्हटलं, आता जात सापडणार. शोधल्यावर कळलं की त्या आकड्याचा अर्थ एवढाच: लाल आंबा, आकार लहान. मोठा असता तर ४९५९. त्या एकाच आकड्याखाली टॉमी अ‍ॅटकिन्स, केंट, हेडन असे बरेच जण दाटीवाटीने बसतात. म्हणजे आपल्याकडे मंडईत 'आंबा कुठला?' विचारल्यावर 'गोड आहे साहेब' असं उत्तर मिळतं, त्यातलाच प्रकार.

मग फळावरूनच ओळखायचं. पिकल्यावरही हिरवाच राहणारा, उन्हाळा सरता सरता येणारा मोठा आंबा बहुधा कीट. हिरवट अंगावर लाली आणि आत रेषा अगदी कमी, तो केंट. पिवळा, चपटा, पातळ कोयीचा तो मेक्सिकोचा अतौल्फो. आणि जांभळट लाल, जाड सालीचा, दिसायला नवरदेव आणि खाताना दातात धागे अडकवणारा तो टॉमी अ‍ॅटकिन्स. आमचा तोच असणार. लेक दात कोरत होती, यापेक्षा मोठा पुरावा नको.

पण या टॉमीचं घराणं शोधत गेलो आणि पोचलो थेट आपल्या दारात.

झालं असं, की १८८९ साली अमेरिकेच्या शेतीखात्याने मुंबई इलाख्यातून आंब्याची कलमं मागवली. त्यातली काही फ्लोरिडात एल्ब्रिज गेल नावाच्या निवृत्त प्राध्यापकांकडे पोचली. १८९४-९५च्या हिवाळ्यात तिथे जबर थंडी पडली, कलमं गेली, आणि जगलं ते मलगोव्याचं एक झाड. ते लोक त्याला 'मुलगोबा' म्हणतात. (बाळाचं नाव वाटतं की नाही!) १८९८ साली त्याला फळ धरलं. तोवर तिथल्या लोकांना आंबा म्हणजे वेस्ट इंडीजकडून आलेला, टर्पेंटाइनच्या वासाचा आणि त्याच नावाचा धागेवाला आंबा एवढंच ठाऊक. मुलगोबा खाऊन ते पार वेडे झाले.

१९०२ साली कॅप्टन जॉन हेडन नावाच्या निवृत्त लष्करी अधिकाऱ्याने गेलसाहेबांकडून या मुलगोबाच्या चार डझन कोयी आणून मायामीजवळ कोकोनट ग्रोव्हला लावल्या. पुढच्याच वर्षी ते वारले. झाडं वाढवली ती त्यांच्या बायकोने, फ्लॉरेन्स हेडन यांनी. १९१० साली फळं आली, तेव्हा त्यातलं एक झाड सगळ्यांत उजवं निघालं: मोठं, लालभडक फळ. मुलगोबा काही असा लाल नसतो. पुढे डीएनए तपासला तेव्हा उलगडलं, की आई मुलगोबा आणि बाप तोच गावठी टर्पेंटाइन! त्या 'हेडन'ची कलमं सगळीकडे गेली. हेडनची एक कोय पुढे अ‍ॅटकिन्स नावाच्या गृहस्थाच्या जागेत रुजली, तिचा टॉमी झाला. १९५०च्या दशकात फ्लोरिडाच्या आंबा मंडळाने धागे आणि बेताची चव पाहून त्याला नापास केलं होतं. पण साल जाड, रंग देखणा, फळ टिकाऊ. व्यापाऱ्यांनी उचललं आणि तो जगभर झाला. चवीचं मत कोण विचारतो? असो.

म्हणजे खिडकीतलं रोप हे मलगोव्याचं पणतवंड. पण टॉमी मात्र नव्हे! हापूस, मलगोवा, टॉमी यांच्या कोयीत एकच गर्भ असतो आणि तो आई-बाप दोघांचा. बाप कोण, ते माशांना ठाऊक. अतौल्फोसारख्या काही जातींच्या कोयीतून दोन-चार कोंब फुटतात आणि त्यातले बहुतेक आईची हुबेहूब नक्कल असतात. आमच्या कोयीला कोंब एकच होता. लेकीला म्हटलं, याला अजून नावच नाही.

हापूसच्याही तीन कोयी लावून पाहिल्या, एकही उगवली नाही. कोयीतला भुंगा आणि फळमाशी नको म्हणून अमेरिकेने आपला आंबा बरीच वर्षं अडवला होता. २००७ साली तो परत आला, ते लासलगावच्या कांद्यासाठी उभारलेल्या केंद्रात विकिरण करून. त्या किरणांत भुंग्याबरोबर आमचा अंकुरही गेला असेल. मेक्सिकोचे आंबे नुसते ४६ अंशांच्या गरम पाण्यात तास-दीड तास बुडवतात, म्हणून कोय वाचते.

हे सगळं वाचताना मला सारखं विहिरीजवळचं झाड आठवत होतं. घरचे ओळखतीलच. शाळामास्तरांच्या पगारात हापूसचं कलम परवडत नव्हतं, म्हणून आप्पांनी कोणीतरी दिलेल्या पेटीतल्या हापूसची कोय लावली. फळ यायच्या आधीच आप्पा गेले. आलं ते लांबट, शेंदरी, रेषाळ आणि आंबटगोड. सगळ्यांनी त्याला 'खोटा हापूस' म्हणून हिणवलं. काका तर ते तोडून तिथे खरं कलम लावणार होते. आजीने तोडू दिलं नाही. तिची साठं त्याच रसाची असायची, आणि रायतंही त्याच आंब्यांचं. शेजारीपाजारी पाटी घेऊन यायचे ते याच्यासाठी, हापूससाठी नव्हे.

आता जागेचा व्यवहार झालाय आणि दिवाळीनंतर ते झाड जाणार, असं दादा फोनवर म्हणाला. 'कोयी ठेवून घेऊ' असं कोणीतरी सुचवलं. पण कोयीतून ते झाड परत येणार नाही. हापूसच्या कोयीतून हापूस आला नाही, तसंच. ते एकुलतं एक आहे, आणि टिकवायचं तर कलमच करावं लागेल.

दादा, म्हणून हे. जून-जुलैत रायवळच्या कोयी रुजवून ठेवायला सांग. रोपं तांबूस पानांची, पंधरा दिवसांची असतानाच कोयकलम करतात. काडी तीन-चार महिन्यांची, पेन्सिलीएवढी जाड हवी. आठ-दहा दिवस आधी तिची पानं देठ ठेवून कापायची, म्हणजे डोळे फुगतात. दहा कलमं केली तर निम्मी तरी जगतील. पैसे मी पाठवतो. दोन काकूच्या नव्या घरी, एक आत्याकडे. बाकी कोणाला हवीत ते लवकर कळवा, काड्या एकदाच काढता येतील.