बहुअँटेना संदेशवहन (मायमो)

प्रेषक व ग्राहक अशा दोन्ही टोकांना अनेक अँटेना लावून एकाच वारंवारतेवर, एकाच वेळी माहितीचे अनेक प्रवाह पाठवणारी बिनतारी पद्धत. डोंगर, इमारतींवर आपटून लहरी वेगवेगळ्या वाटांनी पोहोचतात. पूर्वी हा उपद्रव समजला जाई. मायमोने त्यालाच साधन बनवले, हे तिचे खरे मोठेपण. वाटा एकसारख्या असल्या तर प्रवाह वेगळे करता येत नाहीत, म्हणून मोकळ्या माळापेक्षा दाट वस्तीत लाभ अधिक. मूळ पेटंट (अर्ज १९९२, मंजुरी १९९४) स्टॅनफर्ड विद्यापीठातील आरोग्यस्वामी पॉलराज व थॉमस कैलाथ यांचे. दोघांचेही पुणे जिल्ह्याशी नाते आहे : पॉलराज खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत शिकले, पुण्यात जन्मलेले कैलाथ (१९३५) तेथीलच अभियांत्रिकी महाविद्यालयाचे १९५६ चे पदवीधर. आजची ४जी, ५जी सेवा याच पद्धतीवर चालते.