संगणकावरील ध्वनिरचना : आधी कान, मग सॉफ्टवेअर

चित्रपट, श्रुतिका, जाहिरात किंवा संगणकीय खेळ यांत ऐकू येणारा आवाज प्रत्यक्ष घटनेच्या वेळीच मुद्रित झालेला असतो, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः त्यातील बराचसा भाग नंतर घडविलेला असतो. या घडणीस ध्वनिरचना किंवा साउंड डिझाइन म्हणतात. एकेकाळी मोठ्या स्टुडिओंपुरती मर्यादित असलेली ही कला आता घरच्या संगणकावर शिकता येते. मात्र साधने सुलभ झाली म्हणून कला सुलभ झाली असे नव्हे. तयार आवाजांच्या संग्रहावर विसंबणाऱ्या नवशिक्याचा कान घडतच नाही आणि त्याचे काम इतर दहा जणांच्या कामासारखेच ऐकू येते.

पूर्वपीठिका

फ्रेंच नभोवाणीतील अभियंते पिएर शेफर यांनी १९४८ मध्ये पॅरिसमधील आगगाड्यांचे आवाज तबकड्यांवर मुद्रित करून त्यांतून एक रचना सिद्ध केली. घंटेच्या नादातील सुरुवातीचा आघात वगळला, तर उरलेला नाद घंटेचा वाटत नाही, हेही त्यांनी प्रयोगाने दाखविले. आवाजाची ओळख बव्हंशी त्याच्या आरंभात दडलेली असते, हा धडा आजही पायाभूत आहे. लंडनमध्ये १९५८ साली स्थापन झालेल्या बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉपमध्ये ध्वनिफितीचे तुकडे कापून जोडण्याचे काम चाले. १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’साठी बेन बर्ट यांनी प्रकाशतलवारीचा आवाज चित्रपट-प्रक्षेपकाची घरघर आणि दूरचित्रवाणी संचाची गुणगुण यांच्या मिश्रणातून घडविला. या तिघांच्याही काळी आजची सॉफ्टवेअर नव्हती.

संगणकातील आवाज

मायक्रोफोनकडून आलेल्या विद्युतलहरीचे संगणक ठरावीक अंतराने मोजमाप घेतो. सीडीसाठी हे मोजमाप सेकंदाला ४४,१०० वेळा, तर चित्रपटासाठी सामान्यतः ४८,००० वेळा घेतले जाते. माणसाला साधारणतः २० ते २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येते आणि सर्वांत उंच स्वराच्या दुपटीहून अधिक वेळा मोजमाप आवश्यक असते. म्हणून हे आकडे. प्रत्येक मोजमापाची सूक्ष्मता ‘बिट’मध्ये सांगतात. १६ बिटमध्ये ६५,५३६ पायऱ्या मिळतात. २४ बिटमध्ये त्या १ कोटी ६७ लाखांवर जातात. त्यामुळे मुद्रण २४ बिटमध्ये करणे श्रेयस्कर.

मूलभूत क्रिया

सॉफ्टवेअर कोणतेही असो, मुख्य क्रिया मोजक्याच आहेत. पहिली काटछाट. दुसरी गतिबदल : मुद्रण निम्म्या गतीने वाजविले की स्वर एक सप्तक खाली उतरतो. तिसरी फिल्टर किंवा इक्वलायझर : ठरावीक पट्ट्यातील कंपने कमी-अधिक करणे. चौथी थर रचणे : दार आपटण्याच्या एका आवाजात खालचा धक्का, लाकडाचा मधला नाद आणि कडीची वरची खणखण असे तीन स्वतंत्र आवाज असू शकतात. पाचवी अवकाश देणे : देवळाच्या सभामंडपात फुगा फोडून त्याचा प्रतिध्वनी मुद्रित केला, तर कॉन्व्होल्यूशन पद्धतीने तोच घुमारा अन्य आवाजाला देता येतो.

सरावाची पद्धत

२००० सालापासून उपलब्ध असलेले ‘ऑडॅसिटी’ विनामूल्य आहे आणि आरंभासाठी पुरेसे आहे. अनेक ट्रॅकच्या मोठ्या कामासाठी ‘रीपर’, ‘प्रो टूल्स’ किंवा ‘एबल्टन लाइव्ह’ वापरतात. खर्च करायचाच तर तो प्रथम बऱ्या ध्वनिमुद्रकावर आणि हेडफोनवर करावा.

पहिला पाठ घरातील एकाच वस्तूवर करावा. स्टीलची वाटी चमच्याने वाजवून मुद्रित करावी. तिची गती चौपट कमी केली की नाद दोन सप्तके उतरून मोठ्या घंटेसारखा भासतो. आरंभीचा आघात काढला की तोच नाद एखाद्या सुषिर वाद्याकडे झुकतो. उलटा वाजविल्यास तो हळूहळू चढत जाऊन एकदम तुटतो. एका वाटीतून दहा भिन्न आवाज काढता आले, की प्रत्येक क्रिया नेमके काय करते ते कानाला कळू लागते. त्यानंतर लोकलचा डबा, पाटा-वरवंटा, पत्र्यावरचा पाऊस असे परिसरातील आवाज गोळा करून तारीख-ठिकाणासह स्वतःचा संग्रह करावा. दूरवर कुठेतरी मुद्रित झालेल्या तयार पावसाला कौलांवरच्या कोकणी पावसाची सर येत नाही आणि जाणत्या श्रोत्याला हा फरक खटकतो.

कानांची निगा

हेडफोनवर तासन्‌तास काम करणाऱ्याने आवाजाची पातळी मर्यादित ठेवावी. अमेरिकेतील नायॉश या संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलसाठी दिवसाला आठ तास ही मर्यादा असून पुढे दर ३ डेसिबलला ही वेळ निम्मी होते. मोठ्या आवाजाने एकदा कायमची गेलेली श्रवणशक्ती परत मिळत नाही.

औपचारिक शिक्षण

पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियामध्ये ध्वनिमुद्रण व ध्वनिरचनेचे शिक्षण दिले जाते. ‘स्लमडॉग मिलियनेअर’साठी २००९ मध्ये ऑस्करचे सहमानकरी ठरलेले रसूल पूकुट्टी याच संस्थेचे विद्यार्थी. अशा शिक्षणाकडे वळू इच्छिणाऱ्याला स्वतः मुद्रित केलेल्या आवाजांचा संग्रह आणि वर्षभराचा सराव ही उत्तम पूर्वतयारी ठरते.