तळघरातला प्रबंध

क्षय हा शब्द आपल्या घरांतून पूर्वी मोठ्याने कुणी उच्चारीत नसे. ‘त्यांच्याकडे ते दुखणे आहे’ एवढे सांगायचे आणि आवाज खाली आणायचा. उपाय म्हणजे पाचगणी-मिरजेची हवा, दूध, अंडी आणि पडून राहणे. ज्याला परवडे तो जाई. गेलेला परत येईच असे नाही. या दुखण्यावरचे पहिले खरे गुणकारी औषध सापडले ते मात्र अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठात, एका तळघरात, आणि तेही एका विद्यार्थ्याच्या पीएच.डी.च्या अभ्यासात. वाचकहो, दिवाळीत दुखण्याची गोष्ट कशाला, असे म्हणू नका. ही दुखणे हटल्याची गोष्ट आहे. कडू आहे ते पुढेच.

अल्बर्ट शॅट्झ हा १९२० साली जन्मलेला, शेतकऱ्याघरचा ज्यू मुलगा. पुढे शेतीच करायची म्हणून मातीचे शास्त्र शिकला. युद्धकाळात लष्करी इस्पितळात जंतू तपासण्याचे काम केले. पाठीच्या दुखण्यामुळे जून १९४३ मध्ये सैन्यातून सुटला आणि आपले गुरू सेल्मन वॅक्समन यांच्याकडे परतला. विद्यावेतन महिना ४० डॉलर.

वॅक्समनसाहेबांची रीत ऐकायला सोपी आहे. पहिल्या पावसात मातीला जो वास येतो, तो ज्या सूक्ष्मजीवांमुळे येतो त्यांच्याच कुळातले जीव मातीतून वेगळे काढायचे, वाढवायचे आणि त्यांच्या शेजारी रोगजंतू टिकतात की नाही ते पाहायचे. अशी शेकडो रोपटी तपासावी तेव्हा एखादे कामाचे निघते. १९४० आणि १९४२ साली त्यांच्याकडे दोन द्रव्ये सापडली होती, पण ती रोग्यालाच विषारी. पेनिसिलीन तर क्षयाच्या जंतूपुढे निष्प्रभ होते.

क्षयाचे जिवंत जंतू हाताळायचे म्हणून शॅट्झची रवानगी तळघरात झाली. गुरुजी तेथे कधी उतरले नाहीत, असे तो पुढे सांगत असे. रात्री तो तेथेच झोपे. उकळत्या द्रवाच्या चंबूवर तांबड्या पेन्सिलीने रेघ ओढून ठेवी. द्रव रेघेखाली गेला की रात्रीच्या पहारेकऱ्याने त्याला उठवायचे. मला या पहारेकऱ्याविषयी फार जवळीक वाटते. १९ ऑक्टोबर १९४३ रोजी आपल्या हाती नवे औषध आले अशी शॅट्झची खात्री झाली. एक वाण खतावलेल्या शेतातील मातीतून, दुसरे कोंबडीच्या घशातून मिळालेले. हे दुसरे त्याला डोरिस जोन्स या सहाध्यायिनीने दिले. नाव ठेवले स्ट्रेप्टोमायसीन. जानेवारी १९४४ मध्ये निबंध छापून आला, त्यावर शॅट्झ, एलिझाबेथ बुगी आणि वॅक्समन अशी नावे होती. १९४५ साली शॅट्झला पदवी मिळाली.

औषध खरे की भ्रम, हे इंग्लंडमध्ये पारखले गेले. १०७ रोगी, ५५ जणांना औषध आणि विश्रांती, ५२ जणांना नुसती विश्रांती. सहा महिन्यांत पहिल्या गटात ४ दगावले, दुसऱ्यात १४. ही फलिते १९४८ साली प्रसिद्ध झाली. पुढे काही रोग्यांत जंतू औषधाला सरावले, काहींचे कान गेले. म्हणून जोडीला दुसरी औषधे द्यावी लागली. आपल्या पिंपरीच्या कारखान्यात १९५५ पासून पेनिसिलीन आणि नंतर स्ट्रेप्टोमायसीनही होऊ लागले.

आता कडू भाग. गुरुशिष्य दोघांनीही आपले हक्क एकेका डॉलरला विद्यापीठाच्या संस्थेला लिहून दिले होते. गुरूंना मात्र त्या उत्पन्नाचा वाटा मिळतो आहे, हे शॅट्झला मागाहून कळले. मार्च १९५० मध्ये त्याने फिर्याद लावली. डिसेंबरात तडजोड झाली: तो सहसंशोधक ठरला, परदेशी हक्कांपोटी १,२०,००० डॉलर आणि उत्पन्नाचे ३ टक्के त्याला, १० टक्के वॅक्समनना. पण गुरूवर फिर्याद करणाऱ्याला मोठ्या प्रयोगशाळांची दारे उघडली नाहीत. एका लहान शेतकी महाविद्यालयात तो शिकवीत राहिला. १९५२ चे नोबेल पारितोषिक एकट्या वॅक्समनना मिळाले.

मी कादंबऱ्या लिहितो. लबाड गुरू आणि भोळा शिष्य अशी जोडी मला एका बैठकीत रंगवता येईल. पण मी वर्गावरही उभा राहतो. रीत गुरूची होती, ती नसती तर शॅट्झने काय शोधले असते? आणि हात, झोप व जिवाचा धोका शिष्याचा होता. गुरूने एवढे म्हटले असते तर त्याचे काय उणे झाले असते? आमच्या शाळेतून गेलेली एक मुलगी सध्या जैवतंत्रज्ञानाच्या पदव्युत्तर वर्गात नव्या औषधांच्या शोधाचा अभ्यास करते. तिचे विषय मला, मॅट्रिकपुढे न गेलेल्या माणसाला, कळत नाहीत. पण प्रयोगवहीत ती रोज तारीख घालते, हे मी मुद्दाम विचारून घेतले. रटगर्सच्या दप्तरात शॅट्झच्या वह्या पुढे सापडल्या, त्यात २३ ऑगस्ट १९४३ चा अकरावा प्रयोग त्याच्याच हस्ताक्षरात आहे.

१९९४ साली रटगर्सने त्याला आपले पदक दिले. तेव्हा तो ७४ वर्षांचा होता आणि वॅक्समनना जाऊन वीस वर्षे उलटली होती. शोध लागल्या दिवशी त्याने त्या जीवाची एक काचनळी तापवून बंद केली होती आणि आईला नेऊन दिली होती. ती आता स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.