उगमाकडे परतलेला दौरा

कॅनडातील 'रश' या त्रिसदस्य रॉक वाद्यवृंदाचा 'आर-४०' हा २०१५ सालचा दौरा इतिहासकथनाच्या क्रमाचा विचार करणाऱ्यास उद्बोधक आहे. ८ मे रोजी टल्सा येथे आरंभलेला हा दौरा ३५ कार्यक्रमांनंतर १ ऑगस्टला लॉस एंजेलिसनजीकच्या 'फोरम' सभागृहात संपला. तो उत्तर अमेरिकेबाहेर गेला नाही. तालवादक नील पर्ट व गिटारवादक ॲलेक्स लाइफसन यांची शरीरे थकली होती.

कार्यक्रमाची मांडणी उलट्या कालक्रमाची होती. २०१२ सालच्या रचनांपासून मागे जात वादक १९७४ सालच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेपर्यंत येत. गीतांबरोबर मंचावरील साहित्यही हटविले जाई. अखेरीस शालेय व्यायामशाळेचा देखावा व खुर्च्यांवर मांडलेले ध्वनिवर्धक एवढेच उरे. परंतु त्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेत तालवादन जॉन रट्सी यांचे होते. पर्ट त्यानंतर आले. म्हणजे उगमाचा शोध घेता घेता कथन पर्ट यांच्या पूर्वकाळात पोचले, आणि ते गीत वाजवीत होते मात्र पर्टच.

पर्ट २०२० साली निवर्तले आणि तो दौरा अखेरचा ठरला. पुढे २०२५ साली गेडी ली व लाइफसन यांनी जर्मन तालवादक अनिका नीलेस यांच्यासह २०२६ सालचा नवा दौरा, त्याच 'फोरम'पासून, घोषित केला. 'अखेरचा' हे विशेषण घटनेच्या अंगचे नव्हे. पुढील घटना ते देतात व काढूनही घेतात. पर्ट यांच्यापुरते मात्र ते अबाधित आहे. म्हणून कोणाची अखेर, हे विचारल्यावाचून इतिहासकाराने ते योजू नये.