नगरच्या छावणींतील कोरीव काम

पुण्याहून निघालेला नगर रस्ता आमच्या खराडीवरून पुढें जातो. संगणकांच्या कचेऱ्यांनीं येथील जुनीं शेतें आज झांकून टाकिलीं आहेत. ह्याच रस्त्याच्या दुसऱ्या टोंकास, अहमदनगर म्हणजे आजचें अहिल्यानगर येथें, विसाव्या शतकाच्या आरंभीं दक्षिण आफ्रिकेंतील बोअर शेतकरी बंदिवासांत होते, ह्याचें स्मरण मात्र पुण्यांत फारसें उरलेलें नाहीं.

बोअर युद्ध 1899 च्या ऑक्टोबरांत पेटलें व 31 मे 1902 रोजीं मिटलें. पकडलेले बोअर त्यांच्याच देशांत ठेवणें इंग्रजांस धोक्याचें वाटलें. म्हणून सेंट हेलेना, सिलोन, बर्म्युडा आणि 1901 पासून हिंदुस्थान येथें त्यांची रवानगी झाली. हिंदुस्थानांत सुमारें नऊ हजार आले. महाराष्ट्रांत नगर व सातारा येथें त्यांच्या छावण्या होत्या.

हे पेशाचे शिपाई नव्हते. घोडा व बंदूक घेऊन शेतावरून उठून आलेलीं हीं माणसें. त्यांत मिसरूड न फुटलेलीं पोरें होतीं, नातवंडांचे आजेही होते. कष्टाची संवय असलेल्या हातांना काम नसणें, ही त्यांची खरी शिक्षा. मग खिशांतील चाकू, तारेचे तुकडे, झिजवलेले खिळे हींच हत्यारें झालीं. लांकूड, हाड व शिंग ह्यांतून चिलमी, हातकाठ्या, पेट्या घडूं लागल्या. पुष्कळ वस्तूंवर ‘युद्धकैदी’ ह्या अर्थाचा डच शब्द, छावणीचें नांव व साल कोरलेलें आढळतें. ब्लूमफाँटेनच्या युद्धसंग्रहालयांत अशा कामाचा संग्रह आहे. कित्येक वस्तु नातवा-पणतवांच्या घरीं जुन्या पत्रांशेजारीं राहिल्या.

पत्र व पेटी हीं एकत्र वाचावींत, असें आमचें मत आहे. पत्र सरकारी तपासनिसाच्या हातून जाई. तेथें लेखणी आंखडणारच. (पुढें 1942 नंतर नगरच्याच किल्ल्यांत मौलाना आझादांनीं मित्रास उद्देशून पत्रें लिहिलीं, तीं तर टपालांत पडलींच नाहींत.) इकडे कैद्यांचीं शेतें जाळलीं गेलीं होतीं, बायकामुलें छावण्यांत कोंडलीं होतीं. त्या छावण्यांत सुमारें 28 हजार बोअर मेले. पैकीं 22 हजारांवर सोळा वर्षांखालील मुलें. बापाला ती वार्ता समुद्रापलीकडे, उशिरां कळे. लेकरासाठीं कोरावयास घेतलेल्या खेळण्याचें मग काय झालें असेल, हें कोणत्या पत्रांत सांपडणार?

बोअरांचा कळवळा येणाऱ्या वाचकानें आणखी एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. कृष्णवर्णीय आफ्रिकनांच्या निराळ्या छावण्यांत किमान 14 हजार माणसें मेलीं. ज्यांच्या शेतांवर असे लोक राबले, त्या बोअरांच्या पेट्या कांचेच्या कपाटांत पोंचल्या. ह्यांच्या हातचें फारसें कोणी जपलें नाहीं.

तह झाला तरी सुटका आपोआप नव्हती. इंग्लंडच्या राजाशीं निष्ठेची शपथ घेतल्यावांचून घरीं जातां येईना. बहुतेकांनीं ती घेतली; कांहीं हट्टी मात्र नगरासच अडून बसले. अखेर 1903 संपतां संपतां त्यांचेच सेनापति दे ला रे समुद्र ओलांडून हिंदुस्थानांत आले व त्यांचें मन वळवूं लागले.